केनवुड आणि हॅम्पस्टेड हीथ: वरून खाली उतरा

लंडनला आलेल्या आई-बाबांना राजवाडा, टॉवर ब्रिज आणि थेम्सवरची बोट दाखवून झाली की चौथ्या दिवशी घरात एकच प्रश्न उरतो: आता कुठे न्यायचं? तिकीट नको, फार गर्दी नको, बसायला जागा हवी आणि डबा उघडला तर कुणी हटकायला नको. या सगळ्यात बसणारी जागा शहराच्या उत्तरेला टेकडीवर आहे. एका लॉर्डची जुनी इस्टेट, तिचं पांढरं हाउस, हाउससमोर दोन तळी, तळ्यांपलीकडे जुनं रान, आणि रानाला लागून मोकळं माळरान. इस्टेटीचं नाव केनवुड, माळरानाचं हॅम्पस्टेड हीथ.

बहुतेक जण इथे उलट्या बाजूने येतात आणि तिथेच दिवस बिघडतो. हॅम्पस्टेड हीथ स्टेशनवर उतरायचं, पार्लमेंट हिलवर चढायचं, फोटो काढायचे, मग रमतगमत केनवुडला पोचायचं. तोवर दुपारचे साडेतीन आणि पाय भरून आलेले. हिवाळा असेल तर हाउस बंद व्हायला अर्धा तास आणि अंधारही पडायला आलेला. त्यामुळे बसने थेट वर केनवुडला उतरा, हाउस ताज्या पायांनी बघा आणि मग तळी, रान, माळ असं खाली या. वाटेत एकच चढ लागतो, तो शेवटी. ही इस्टेट आखणाऱ्यांनाही ती हाउसकडून खालीच बघितली जावी असं वाटत होतं.

आधी थोडं पाठीमागचं, नाहीतर नुसती हिरवळ दिसेल

१७५४ मध्ये ही जागा विल्यम मरे याने घेतली. तोच पुढे लॉर्ड मॅन्सफील्ड आणि इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला. १७६४ पासून रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुविशारदाने जुन्या घराचं रूप पालटलं. मॅन्सफील्डच्या पुतण्याच्या काळात, १७९३ मध्ये, हम्फ्री रेप्टन या उद्यानरचनाकाराने भोवतालच्या आखणीबद्दल सल्ला दिला. हॅम्पस्टेड लेन हा रस्ता पूर्वी घराच्या दारावरून जायचा, तो याच सुमारास उत्तरेला सरकवला गेला. म्हणून आज बसमधून उतरल्यावर हाउस कुठेच दिसत नाही. झाडीतून वळण घेत गेल्यावर ते एकदम समोर येतं. रस्ता चुकला असं वाटून लोक मागे फिरतात. फिरू नका, पुढे चालत राहा.

पहिल्या महायुद्धानंतर मॅन्सफील्ड घराण्याने इस्टेट विकायला काढली आणि इथे बंगल्यांच्या ओळी उभ्या राहायची वेळ आली. स्थानिक लोकांनी समिती करून वर्गणी जमवली, बरीचशी जमीन विकत घेतली आणि १९२५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. हाउस आणि त्याला लागून उरलेली जमीन त्याच वर्षी एडवर्ड सेसिल गिनेस, म्हणजे लॉर्ड आयव्ही, याने घेतली. हो, तोच बिअरवाला. १९२७ मध्ये तो वारला आणि जाताना आपल्या चित्रसंग्रहासह हाउस जनतेला देऊन गेला. १९२८ पासून ते उघडं आहे. एखाद्या सद्गृहस्थाच्या खासगी बागेचा डौल इथे कायम राहावा, अशी त्याची इच्छा होती. म्हणून इथे झोपाळे, घसरगुंड्या आणि रंगीबेरंगी पाट्या दिसत नाहीत. मुलांना त्या हव्या असतील तर पार्लमेंट हिलच्या पायथ्याशी आहेत. तोपर्यंत त्यांना थोपवून धरा.

आज केनवुडची सुमारे ११२ एकर जागा इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि बाकीचं हीथ सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे. दोन मालक म्हणजे दोन नियम, आणि त्यातला एक फरक कायम लक्षात ठेवावा लागतो. हीथ चोवीस तास उघडं असतं. केनवुडला कुंपण आहे, फाटकं आहेत आणि ती अंधार पडताना बंद होतात. बंद व्हायची वेळ फाटकावर लिहिलेली असते. आत जाताना तिचा फोटो काढून ठेवा.

दिवस कसा निवडायचा

हाउस उन्हाळ्यात साधारण १० ते ५ आणि हिवाळ्यात ४ पर्यंत उघडं असतं. लग्नं, चित्रीकरण अशा कारणांनी काही दालनं किंवा सगळं हाउस बंद ठेवतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी इंग्लिश हेरिटेजच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आदल्या आठवड्यात बघितलेलं धरून चालू नका.

सूर्यास्ताचं गणित भारतातून आलेल्या माणसाला सहज चकवतं. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचच्या आतच जातो. दिवाळी बऱ्याचदा याच दिवसांत येते आणि पाहुणेही. नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळी साडेदहाला हाउसच्या दारात असाल तरच खालचा माळ उजेडात गाठता येतो.

मे महिन्यात हाउसजवळचे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, तो सगळ्यात देखणा काळ. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा रानाच्या रंगांसाठी. उन्हाळ्यातला रविवार मात्र टाळा. त्या दिवशी निम्मं उत्तर लंडन इथल्या हिरवळीवर लोळत असतं.

बस २१०

केनवुडच्या दारात ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, नाही. २१० नंबरची बस आहे आणि तेवढी पुरते. ती ब्रेंट क्रॉस, गोल्डर्स ग्रीन, केनवुड, हायगेट, आर्चवे, फिन्सबरी पार्क अशी धावते. वायव्येकडे राहणाऱ्यांनी नॉर्दर्न लाइनने गोल्डर्स ग्रीनला यावं. स्टेशनबाहेरच बसस्थानक आहे, तिथून फिन्सबरी पार्ककडे जाणारी २१० घ्यावी. पूर्वेकडून किंवा मध्य लंडनमधून येणाऱ्यांना आर्चवे सोयीचं पडतं. तिथून ब्रेंट क्रॉसकडे जाणारी.

कुठून येता यावर रस्ता ओलांडायचा की नाही हे ठरतं. गोल्डर्स ग्रीनकडून आलात तर बस उत्तरेच्या कडेला थांबते, केनवुड दक्षिणेला. म्हणजे हॅम्पस्टेड लेन ओलांडायची. रस्ता अरुंद, गाड्या वेगात, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका. आर्चवेकडून आलात तर उतरता ती बाजूच केनवुडची. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर थोडा वळसा पडला तरी आर्चवेकडून यावं.

बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बँकेचं कार्ड किंवा ऑइस्टर, म्हणजे लंडनचं प्रवासाचं कार्ड, लागतं. एकच कार्ड फिरवून चौघांचं भाडं भागत नाही. भारतीय कार्डावर दर वेळी परदेशी व्यवहाराचं शुल्क बसू शकतं, म्हणून पाहुण्यांसाठी ऑइस्टर घेतलेलं बरं. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच कापलं जातं, फक्त दर वेळी तेच कार्ड लावायचं. साठीच्या पुढच्यांना मिळणारा मोफत पास लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना तो लागू नाही.

गाडीने यायचा मोह टाळा. हाउसजवळ पैसे भरून वापरायचं वाहनतळ आहे, पण छोटं. हॅम्पस्टेडकडून येताना स्पॅनियार्ड्स इन या जुन्या पबपाशी पूर्वीचं टोलनाकं अजून उभं आहे आणि तिथे रस्ता एका गाडीपुरता चिंचोळा होतो. सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी रांगा लागतात. बसही अडकते, पण निदान तुम्हाला पार्किंग शोधावं लागत नाही.

पायात काय, पिशवीत काय

हॅम्पस्टेड-हायगेटच्या टेकडीचा माथा वाळूचा आहे आणि खाली लंडनची चिकणमाती. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत खाली जातं, चिकणमातीवर अडतं आणि दोन्ही थर जिथे भेटतात तिथे झरे फुटतात. इथली तळी याच झऱ्यांवर भरतात. लंडनच्या पोटात गाडली गेलेली फ्लीट नदीही इथेच उगम पावते. तुमच्या बुटांसाठी याचा अर्थ असा की हाउसजवळ वाट कोरडी दिसली म्हणून खालीही कोरडी असेल असं नाही. उलट जसजसं उतराल तसतसा चिखल वाढतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चप्पल रुतते, तसंच इथे ऑक्टोबर ते एप्रिल. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी झऱ्याच्या रेषेवरची वाट ओलीच असते. घोट्यापर्यंतचे, खाचा असलेल्या तळव्याचे बूट घाला. साडी नेसायची असेल तर चार बोटं वर नेसा. गुळगुळीत तळव्याच्या कोल्हापुरीने उतारावर हमखास घसरायला होतं.

पिशवीत माणशी अर्धा लिटर पाणी, एक पातळ सतरंजी आणि तिच्याखाली घालायला प्लॅस्टिक (गवत वरून कोरडं असलं तरी खालून ओल येतेच), कचऱ्यासाठी वेगळी पिशवी आणि पातळ पावसाळी जाकीट. छत्री रानात फांद्यांत अडकते आणि माळावर वाऱ्याने उलटी होते. डब्यात दशम्या, धपाटे किंवा पोळीचे रोल न्या. रस्सा नको. बसून खाताना मोकळे सोडलेले कुत्रे येऊन हुंगून जातात, आणि पातळ भाजीचा डबा सांभाळत उठणं अवघड. शेगडी, बार्बेक्यू, विस्तव केनवुड आणि हीथ दोन्हीकडे मना आहे.

हाउस: दीड तास, तोही मोजक्या गोष्टींवर

प्रवेश फुकट आहे. दारात देणगीची पेटी असते, तिच्यात काही टाकायचं की नाही तुमच्यावर. दालनांत स्वयंसेवक असतात. त्यांना विचारलं की ते खुलतात, न विचारलं तर गप्प उभे राहतात. विचारा.

म्हैसूर किंवा बडोद्याचा राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराशा होईल. घराण्याचं मूळ फर्निचर १९२२ मध्ये लिलावात गेलं, म्हणून काही खोल्या रिकाम्या वाटतात. इथे यायचं ते अ‍ॅडमच्या ग्रंथालयासाठी आणि आयव्हीच्या चित्रांसाठी.

ग्रंथालयात शिरलात की आधी मान वर करा. छत कमानीसारखं वळलेलं आहे, फिकट निळ्या-गुलाबी रंगांत, मधे झुक्की या इटालियन चित्रकाराने काढलेली चित्रं. २०१२-१३ च्या डागडुजीत वरचे नंतरचे थर काढून अ‍ॅडमच्या वेळच्या छटा परत आणल्या आहेत. खिडक्यांसमोरच्या भिंतीवर आरसे आहेत, त्यांत बाहेरची बाग दिसते. आरशांकडे तोंड करून उभे राहा, दोन्ही बाजूंना बाग असल्यासारखं वाटतं.

तिथून जेवणाच्या दालनात. रेम्ब्रांटचं म्हातारपणीचं आत्मचित्र इथे आहे, मागे भिंतीवर दोन मोठी अर्धवट वर्तुळं असलेलं. आधी चार पावलं मागे उभं राहून बघा, माणूस जिवंत वाटतो. मग जवळ जा. डोक्यावरची पांढरी टोपी म्हणजे रंगाचे चार-सहा जाड फटकारे आहेत, हात तर जवळजवळ रंगवलेलेच नाहीत आणि मिशीत ओल्या रंगावर ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले आहेत. वर्तुळं कशाची, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

व्हर्मीरची गिटार वाजवणारी मुलगीही इथेच. व्हर्मीरची चित्रं जगात पस्तीसेकच उरली आहेत, आणि त्यातलं एक बघायला इथे एक पैसा पडत नाही. मुलगी चौकटीच्या इतकी डावीकडे सरकवली आहे की तिचा कोपर कापला गेलाय. गिटारच्या तारा नीट बघा: काही स्पष्ट, काही पुसट. नुकत्याच छेडलेल्या तारा थरथरताहेत. हे चित्र फेब्रुवारी १९७४ मध्ये चोरीला गेलं आणि मे महिन्यात लंडनमधल्या एका चर्चच्या आवारात सापडलं.

मराठी माणसाने चुकवू नये असं चित्र मात्र फ्रान्स हाल्सचं आहे. पीटर फान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी, गालावर हसू, केस विस्कटलेले, अंगावर सोन्याची साखळी. येणारे बहुतेक जण याच्यासमोरून सरळ पुढे जातात. हा माणूस डच ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेचा प्रमुख होता. १६१७ मध्ये सुरतेजवळ त्याचं जहाज फुटलं, तेव्हा तो दख्खन ओलांडून जमिनीवरून मच्छलीपट्टणला गेला आणि वाटेत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याला भेटला. अंबराचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणाऱ्या अंबराला प्रत्यक्ष पाहिलेले डोळे लंडनच्या टेकडीवर तुमच्याकडे बघताहेत, हे आजोबांना सांगून बघा. पाय दुखायचे थांबतात.

आणखी एक. डायडो बेल ही मॅन्सफील्डच्या भाच्याची मुलगी. तिची आई आफ्रिकी गुलाम होती. डायडो याच घरात वाढली आणि जवळजवळ तीस वर्षं राहिली. मालकाला आपला गुलाम त्या गुलामाच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, हा १७७२ चा सॉमरसेट खटल्याचा निकाल मॅन्सफील्डचाच. डायडोचं तिच्या नात्यातल्या बहिणीबरोबरचं प्रसिद्ध चित्र शोधत लोक इथे येतात, पण मूळ चित्र स्कॉटलंडमधल्या स्कून राजवाड्यात आहे. फक्त त्यासाठी येणार असाल तर आधीच कळलेलं बरं.

वरच्या मजल्यावर सफोक संग्रह, म्हणजे जुनी व्यक्तिचित्रं, आहे. वेळ कमी असेल तर सोडून द्या.

बाहेर पडायच्या आधी स्वच्छतागृह उरका. ते कॅफेच्या बाजूला आहे. इथून पुढे रानात भरवसा नाही, नंतरचं थेट पार्लमेंट हिलच्या पायथ्याशी. कॅफेत रविवारी साडेबारा ते दोन रांग असते. चहा प्यायचाच असेल तर हाउस बघायच्या आधी, अकराला घ्या.

गच्चीपासून तळ्यापर्यंत

दक्षिणेकडच्या गच्चीवर आलात की समोर हिरवळ उतरत जाते, खाली पाणी, पाण्यामागे झाडांची काळसर भिंत. सगळं नैसर्गिक वाटतं, तरी ही रचना माणसाने केलेली आहे. पाण्याचं एक टोक पुलाखालून वळून पुढे नदीसारखं जातंय असा भास होतो, आणि तो पूल खोटा आहे. हाउसकडे पाठ करून उभं राहिलं की डावीकडच्या टोकाला तो पांढरा पूल दिसतो. चालत त्याच्या मागे जा. रंगवलेल्या लाकडाचा एक पातळ दर्शनी पडदा, बस्स. नाटकातल्या सेटसारखा. पाणी तिथेच संपतं. मुलांना हे फार आवडतं. मोठ्यांनी आधीच सांगून मजा घालवू नये.

ज्यांना फार चालायचं नाही त्यांचा दिवस इथेच आटोपता येतो. हिरवळीवर सतरंजी घालावी, मग हाउसजवळच्या लिंडेन झाडांच्या रांगेतून एक फेरी मारून २१० ने परत. हाउसभोवतीच्या वाटा पक्क्या आहेत, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी चालते. पण हिरवळीचा उतार फसवा आहे: खाली जाताना सोपा, खुर्ची ढकलत वर येताना दम काढतो. खुर्ची असेल तर गच्चीच्या पातळीवरच राहा.

रान

तळ्यांच्या पूर्वेकडून वाट रानात शिरते. ओक आणि बीचची उंच झाडं, खाली होलीची काटेरी पानं, मधे मधे गोड चेस्टनट. हे जुनं रान आहे, शेकडो वर्षं कधी पूर्ण तोडलं गेलेलं नाही. म्हणून पडलेली खोडं मुद्दाम तशीच ठेवतात. त्यांत कीटक, बुरशी आणि सुतारपक्ष्यांचं सगळं जग असतं. कुणी साफसफाई करत नाही असं म्हणून नाक मुरडू नका. लाकूड, फुलं, अळंबी उचलून न्यायची नाहीत. वाट सोडून आत शिरू नका, कारण पायाखाली दाबलेली माती पुन्हा सैल व्हायला फार वर्षं लागतात.

ऑक्टोबरात वाटेवर दोन प्रकारचे चेस्टनट दिसतात आणि इथे घोटाळा होतो. गोड चेस्टनटच्या टरफलावर बारीक, दाट, सुईसारखे काटे असतात, हातात धरवत नाही. आत दोन-तीन चपटी फळं, एका टोकाला निमुळती, त्यावर बारीक शेंडी. हे भाजून खातात. हॉर्स चेस्टनटच्या हिरव्या टरफलावर जाड, विरळ काटे, आत बहुधा एकच गोल, गुळगुळीत, चकचकीत बी, शेंडी नाही. ते विषारी आहे. मुलं ते खिशात भरतात, भरू द्या, तोंडात जाऊ देऊ नका. शेंडी आहे का, एवढं बघायला शिकवलं तरी पुरतं.

मे ते जुलै ओकच्या खोडावर केसाळ अळ्यांची रांग दिसली तर हात लावू नका आणि खाली बसू नका. तिचे केस अंगावर पुरळ आणतात आणि घशाला त्रास देतात. वाटेच्या कडेची दातेरी पानांची हिरवी झुडपं म्हणजे नेटल, आपल्या खाजकुयलीचं इथलं भावंड म्हणा. आग थोड्या वेळाने उतरते, चोळू नका.

रानात डोक्यावरून किंचाळत जाणारे हिरवे पक्षी ऐकून आई म्हणेल, अगं, हे तर आपले पोपट! अगदी बरोबर. गळ्याभोवती गुलाबी पट्टी असलेला आपल्याकडचाच पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची प्रजा लंडनभर झाली आहे.

तळ्यांची माळ आणि शेवटचा चढ

रानातून दक्षिणेच्या फाटकाने बाहेर पडलात की तुम्ही हीथवर. परत आत यायचं असेल तर फाटकाची वेळ आठवा. डावीकडे उतारावर तळी एकाखाली एक लागतात: स्टॉक पाँड, बायकांचं पोहायचं तळं, पक्ष्यांचं तळं, खेळण्यातल्या बोटींचं तळं, पुरुषांचं पोहायचं तळं. फोनवरचा नकाशा इथल्या पायवाटांत गोंधळतो. तळी डाव्या हाताला ठेवून उतरत राहिलात की चुकायचं कारण नाही.

बायकांच्या तळ्याच्या फाटकाआत पुरुषांना प्रवेश नाही, बाबागाडी ढकलणाऱ्या बाबांनाही नाही. पोहायचं असेल तर पैसे भरून जाता येतं आणि आठ वर्षांखालची मुलं चालत नाहीत. पाणी खोल, तळ दिसत नाही, उथळ कडा नाही. हॉटेलच्या तलावात पोहणाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्येच पहिला प्रयत्न करावा. थंड पाण्यात सूर मारायचा नाही. शिडीने उतरायचं आणि श्वास जागेवर आला की मगच हात मारायचे. गार पाण्याने पहिल्या मिनिटात आपोआप धाप लागते, आणि चांगल्या पोहणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जातं ते तेव्हाच.

बोटींच्या तळ्यापासून उजवीकडे वळलं की पार्लमेंट हिलचा चढ. उंची ९८ मीटर, पण चढ तुम्ही तळ्यापासून सुरू करता, त्यामुळे पर्वतीच्या पायऱ्यांपुढे हा काहीच नाही. थेट वर जाणारी गवताची वाट ओल्या दिवशी टाळा, वळसा घेणारी पक्की वाट धरा. माथ्यावर बाकं आहेत आणि कोणती इमारत कोणती ते सांगणारा फलक. सेंट पॉलचा घुमट आधी शोधा. इथून तो दिसत राहावा म्हणून मधल्या पट्ट्यात उंच इमारती बांधायला कायद्याने अटकाव आहे. त्याच्या मागे शार्डचा ३१० मीटरचा सुळका मात्र उभा राहिलाच. दुपारी ऊन दक्षिणेकडून डोळ्यांवर येतं, फोटोसाठी सकाळ किंवा अगदी संध्याकाळ बरी. वारा इथे कधी थांबत नाही, म्हणून लोक या टेकडीला पतंगांची टेकडी म्हणतात. जानेवारीत संक्रांतीला पतंग आणलात तर साधा दोरा. मांजा अजिबात नको, आजूबाजूला मुलं आणि कुत्रे पळत असतात.

कुत्र्यांचंच सांगायचं तर हीथवर ते मोकळे असतात. घाबरणाऱ्याने पळू नये, हात वर करू नये. थांबून दुसरीकडे बघावं. तो हुंगून निघून जातो.

उतरताना, आणि वाटेत जोडायचं असेल तर

टेकडीवरून दोन स्टेशनं जवळ आहेत. दक्षिणेला गॉस्पेल ओक, नैर्ऋत्येला हॅम्पस्टेड हीथ. दोन्हीकडे ओव्हरग्राउंडची मिल्डमे लाइन. बार्किंगकडे जायचं असेल तर गॉस्पेल ओकच गाठा, सफ्राजेट लाइन तिथून सुटते. हॅम्पस्टेड ट्यूब नकाशावर जवळ वाटलं तरी तिथवर चढ आहे. आणि लिफ्टची रांग बघून जिना धरायच्या आधी ऐका: ३२० पायऱ्या आहेत, हे लंडनमधलं सगळ्यात खोल ट्यूब स्टेशन आहे.

हाउसपासून माथ्यापर्यंत दोनेक किलोमीटर, तिथून स्टेशन आणखी एक. हाउसचा दीड तास, जेवण आणि टंगळमंगळ धरून पाच तास मोकळे ठेवा.

गोल्डर्स ग्रीनकडून येताना तास हातात असेल तर २१० ने आधी नॉर्थ एंड वेवर उतरून हिल गार्डनची पर्गोला बघता येते. ही लॉर्ड लेव्हरह्युमची. सनलाइट आणि लाइफबॉय साबणवाला तोच. १९०५ च्या सुमारास नॉर्दर्न लाइनचे बोगदे खणताना निघालेली माती त्याने आणून टाकली आणि तिच्यावर दगडी खांबांचा हा उंच मांडव उभारला. मे महिन्यात विस्टेरियाने लगडलेला असतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, हीही जागा संध्याकाळी बंद होते.

परत २१० ने आर्चवेकडे जाणार असाल तर हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे घर वाटेवर पडतं. १९०५ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी उघडलेलं इंडिया हाउस ते हेच. सावरकर इथे राहिले, भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. आत लोक राहतात, तेव्हा घंटी वाजवू नका, पाटी समोरच्या फुटपाथवरून बघा. हॅम्पस्टेड हीथ स्टेशनच्या बाजूने उतरलात तर १०, किंग हेन्रीज रोड गाठता येतं. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं आहे. जवळचं ट्यूब स्टेशन चॉक फार्म. उघडण्याची वेळ आधी बघून घ्या आणि आत जायच्या आधी दारातल्या पायपुसण्यावर बूट घासा, कारण तोवर हीथची निम्मी चिकणमाती तुमच्या तळव्यांना चिकटलेली असेल. घरी गेल्यावर तो चिखल ओला असताना पुसू नका, जास्तच पसरतो. बूट वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा, सकाळी वाळलेला चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशने झटकला की खपल्या निघून येतात.